ओल

जुन्या विलायती स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांचा एक ठेवणीतला विनोद आहे. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर निर्धास्त झोपावं. दिसला नाही तर उठून बघावं, तेल संपलेलं असणार. एमजी, ट्रायम्फ अशा दोन माणसांच्या उघड्या गाड्यांवरून हा विनोद होतो. मुंबई-पुण्यात अशा गाड्या जपणारी हौशी मंडळी आहेत. भंडारदऱ्याच्या बाजूच्या आमच्या अकोले गावात मी तशी गाडी पाहिलेली नाही, आणि असती तरी बारी गावापर्यंत जाईतो तिचं पोट रस्त्याला घासून निघालं असतं. पण दारं नसलेली, ऊन-वारा-धूळ सगळं अंगावर घेत चालवायची, आणि उभी राहील तिथं खाली डाग ठेवणारी गाडी आमच्या तालुक्यातही होती, अजून थोडीफार आहे. ती म्हणजे जीप. स्पोर्ट्स कारवाले नाक मुरडतील, पण पावसाळ्यात घाटघरच्या रस्त्याला ज्यानं ती चालवली आहे त्याला दुसरा खेळ सांगू नये.

आमची सीजे-3बी आहे, उंच बॉनेटची. हा नमुना विलीज कंपनीनं अमेरिकेत 1953 मध्ये काढला आणि 1968 मध्ये बंद केला. महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या शेवटी मुंबईत, माझगावला, विलीजच्या जीपा सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली होती. पुढे त्या इथंच घडू लागल्या आणि अमेरिकेत बंद झाल्यावरही ही 3बी आपल्याकडे निघत राहिली. आमची आधी सरकारी होती. साहेब लोकांना घेऊन तिनं कोतूळ, ब्राह्मणवाडा, राजूर, शेंडी अशी गावं केली, मग ती लिलावात निघाली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली. आईनं त्या दिवशी जेवण वाढलं, पण बोलली नाही. गाडीला तीन गिअर. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळं गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की आतून दात करकरतात आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे बघतो. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोची पितळी कडी आहेत. गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर बॉक्स, त्यातून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो, एक मागच्या.

या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही. ट्रान्सफर बॉक्समधून मागं निघणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी एक छोटा ड्रम आहे; हँडब्रेक ओढला की तो आवळला जातो आणि मागचा सगळा शाफ्टच धरला जातो. युक्ती चांगली आहे, पण ड्रमच्या अगदी आत ऑइल सील आहे. सील गेलं की तेल आधी ड्रममध्ये शिरतं. लायनर तेलकट होतात. लिव्हर नेहमीसारखा वर येतो, दातही लागतात, आणि गाडी मात्र उतारावर संथपणे चालू लागते. म्हणजे जमिनीवर डाग पडण्याआधीच बातमी आलेली असते, फक्त ती तेलाची म्हणून ओळखू येत नाही. आम्ही ती हँडब्रेकची समजलो आणि सीटखाली एक दगड ठेवला. काळा, एका बाजूनं सपाट, चाकाला नीट बसणारा. त्या दगडानं भंडारदरा पाहिला, रतनवाडी पाहिली, दोन लग्नांना हजेरी लावली. पाहुण्यांनी तो चुकून फेकून दिला तर परत आणायला माणूस जाई.

शेवटी आमचे मिस्त्रीच गाठावे लागले. त्यांचं गॅरेज कोल्हार-घोटी रस्त्याला लागून आहे. साखर कारखान्याचा हंगाम चालू असला की तिथं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि हौसेच्या गाड्यांना कुणी विचारत नाही. हंगाम संपला की लग्नसराई, ती ओसरत आली की काजव्यांचे दिवस. मे संपता संपता भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे पेटतात आणि ते बघायला शहरातून इतकी माणसं येतात की अंधार शिल्लक राहत नाही. त्या आधीच्या मोकळ्या फटीत जीप मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली सरकून पाहिलं, ड्रमच्या कडेला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. दातांवर प्रचंड दाब येतो तेव्हा धातू धातूला चिकटू नये म्हणून तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात. इंजिनचं तेल, ब्रेकचं तेल आणि गिअरचं तेल ही माणसं वासावरून सांगतात. "सील गेलंय," ते म्हणाले. मग लगेच, "पण सीलला दोष देऊ नका. त्याला कशानं खाल्लं ते बघू आधी."

मला हे वाक्य फार आवडलं. ऑइल सील ही गाडीतली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. पत्र्याची गोल चौकट, तिला आतून चिकटवलेलं रबर, रबराची आतली कड पातळ आणि टोकदार, त्या कडेला मागून आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. बस. दोघांच्या नाश्त्याच्या पैशात येते. पण तिच्यापर्यंत पोहोचायला प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, स्प्लिट पिन ओढायची, मोठा नट पाईप लावून फिरवायचा, शाफ्ट ज्याला जोडलेला असतो तो योक आणि ड्रम काढायचा. हे झालं सुटसुटीत सील. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाचं सील असेल तर सगळी पेटीच खाली उतरवावी लागते. मजुरी सगळी पोहोचण्याची असते. आणि एवढं करून नवं सील ठोकलं, पण जुनं का गेलं ते पाहिलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच नट, तोच पाईप. घाईचा मेकॅनिक सील बदलतो. आमचे मिस्त्री आधी चौकशी बसवतात.

चौकशीची पहिली पायरी हाताची. योक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायचा. बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट नाचतो, आणि नाचणाऱ्या शाफ्टबरोबर रबराची कड नाचू शकत नाही. एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला फट पडते. आमचा योक हलला नाही. दुसरी पायरी नखाची. योकच्या ज्या गुळगुळीत भागावर सीलची कड फिरते तिथं चकचकीत रेघ दिसत होती. मिस्त्रींनी तिच्यावरून आडवं नख ओढलं, ते अडकलं. "हे बघा. इथं खड्डा पडलाय."

रबरानं पोलाद झिजवलं होतं. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. रस्त्यावरची धूळ, भाताच्या खाचरातला चिखल, वाळूचे कण उडून सीलच्या कडेशी येतात. पोलाद कडक, कणाला जागा देत नाही. रबर मऊ, ते कणाला पोटात घेतं आणि धरून ठेवतं. मग तो कण तिथंच रुतून बसतो आणि फिरणाऱ्या पोलादाला वर्षानुवर्षं घासत राहतो. रबर स्वतः कापत नाही, कापणाऱ्याला आसरा देतं. अशी माणसं गावात किती आहेत याचा विचार गॅरेजमधल्या स्टुलावर बसून सहज होतो. नावं लिहीत नाही.

बाहेर काढलेलं सील हातात घेतलं तर रबर सुपारीसारखं कडक झालेलं. वापरानं नव्हे, उभं राहून. गाडी रोज चालली की कड तेलात भिजत राहते, लवचीक राहते. महिनोन्महिने अंगणात उभी राहिली की शाफ्टचा वरचा भाग कोरडा पडतो, तिथली कड सुकते, शाफ्टच्या ज्या बाजूला टेकली आहे तोच आकार धरून बसते. मग दिवाळीला गाडी काढली की गळायला लागते आणि घरचे म्हणतात, चालवत नाही तरी कशी बिघडते? अण्णा गेल्यापासून जीप अशीच उभी असायची.

आता सीलच्या आतल्या गोष्टीकडे येतो, कारण मला ज्याचं नवल वाटलं ते तिथं आहे. इतकी वर्षं माझी समजूत होती की सील म्हणजे बूच. तेल आत, जग बाहेर, मध्ये रबर घट्ट चिकटलेलं. तसं असतं तर ते तासाभरात जळून गेलं असतं. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या पोलादावर कोरडं रबर टिकत नाही. 1957 मध्ये इंग्लंडमधल्या ई. टी. जॅगर या संशोधकानं दाखवलं की सीलची कड शाफ्टला थेट टेकून नसतेच; दोघांच्या मध्ये तेलाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आपल्या केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा हिस्सा म्हणा. कड त्या तेलावर तरंगते. म्हणजे जे अडवायचं आहे त्याच्यावरच उभं राहून ती त्याला अडवते.

मग ते तेल बाहेर का येत नाही? पुढच्या संशोधकांनी हे उलगडलं. नवी कड चालायला लागली की पहिल्या काही तासांत थोडी झिजते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वळ्या उमटतात. कडेचा उतार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. तेलाकडची बाजू उभी, हवेकडची पसरट. त्यामुळं शाफ्ट फिरताना त्या वळ्या तिरक्या ओढल्या जातात आणि निसटू पाहणारं तेल परत आत ढकलत राहतात. सील म्हणजे बूच नव्हे, एक अखंड चालणारा बारीकसा पंप. तेल सतत बाहेर यायला बघतं, सतत परत पाठवलं जातं. हे देणंघेणं जोवर बरोबरीत आहे तोवर आपण म्हणतो, गळत नाही. सील उलटं बसवलं तर हाच पंप प्रामाणिकपणे तेल बाहेर काढतो. मिस्त्रींनी जॅगरचं नाव ऐकलेलं नाही, पण हाताखालच्या पोरानं सील हातात फिरवत "कुठली बाजू आत?" म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "स्प्रिंग तेलाकडं. कायम."

या वस्तूचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात फ्रॉयडेनबर्ग नावाची पेढी होती, 1849 पासून कातडी कमावणारी. 1929च्या मंदीच्या सुमाराला चामड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी चामड्याचीच सीलं करायला घेतली. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला वाल्टर सिमर या अभियंत्यानं चामड्याची कड धातूच्या चौकटीत बसवून तयार सील केलं; जर्मन भाषेत त्याला आजही सिमरिंग म्हणतात. तेलात न फुगणारं कृत्रिम रबर त्याच दशकात हाती आलं आणि 1936 पासून चामड्याच्या जागी रबर बसलं. साधं रबर चालत नव्हतं, तेलात ते फुगून लगदा होतं. युद्धकाळातल्या जीपांमध्येसुद्धा बऱ्याच ठिकाणी चामड्याचीच कड होती.

चामडं पाणी-तेल धरतं हे सांगायला आम्हाला जर्मनीची गरज नव्हती. विजेचे पंप येण्यापूर्वी इथल्या विहिरींवर मोट होती, चामड्याची, लांब सोंडेची. ती कोरडी पडून तडकू नये म्हणून तिला तेल चोळत, आणि शिवणीतून थोडं पाणी ठिबकतच असे, त्याबद्दल कुणी चांभाराला बोल लावत नसे. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर होता. पंप मारला तरी हवा भरेना की आई दट्ट्या बाहेर काढून वायसरला गोडं तेल लावायची आणि दोन बोटांनी त्याची कड बाहेर फाकवायची. पुन्हा हवा धरली जायची. मिस्त्री नव्या सीलच्या कडेवर बोटानं तेल फिरवत होते तेव्हा मला ती बोटं आठवली. सील कोरडं बसवलं तर पहिल्या फेऱ्यांतच कड करपते.

पण नवं सील मिळायला वेळ गेला. मी ऑनलाइन चांगल्या कंपनीचं मागवलं. पार्सल आमच्या अकोल्याऐवजी विदर्भातल्या अकोल्याला पोहोचलं. हे आमच्या गावाचं जुनं दुखणं. पत्रं जातात, पाहुणे जातात, एकदा एका नवरदेवाचे सूट गेले होते. शेवटी जुनं सील खिशात घालून संगमनेरला गेलो. दुकानदारानं ते उजेडात धरून कडेचा नंबर वाचायचा प्रयत्न केला, नंबर झिजला होता. मग व्हर्नियर काढून आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजली. सीलची ओळख या तीन आकड्यांत संपते, गाडीचं नाव, साल, मालक काही लागत नाही. अडचण अशी की जीप अमेरिकन वंशाची, तिची मापं इंचातली. मिलिमीटरमधलं एखादं सील जवळपास बसतं, पण मोकळं असेल तर चौकटीच्या बाहेरून तेल येतं आणि घट्ट असेल तर ठोकताना चौकट वाकते. दुकानदारानं दोन बरण्या उपसल्या, एक डबा उपसला आणि कुठल्या तरी जुन्या साठ्यातलं बरोबर मापाचं काढून दिलं. रबर दाबून पाहिलं, स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहिलं, मगच पैसे घेतले.

मी परत आलो तर जीपच्या शेजारी एक काळी-पिवळी उभी होती आणि तिचा गिअरबॉक्स जमिनीवर पोत्यावर उतरवलेला होता. अकोले-राजूर-बारी मार्गावर प्रवासी वाहणारी गाडी. तक्रार अशी, की चढावर रेस वाढते, गाडी वाढत नाही. पुढच्या तोंडाचं सील गळून तेल बेल हाउसिंगमध्ये, क्लचच्या घरात, आलं होतं, क्लच प्लेट भिजली होती, आणि भिजलेली प्लेट भरलेल्या गाडीचं ओझं घेऊन घाटात घसरत होती. ड्रायव्हरचं म्हणणं, सील गेल्याच वर्षी बदललंय, दुसऱ्या गॅरेजात. मिस्त्रींनी पेटीच्या डोक्यावर बोट फिरवलं, तिथला चिखलाचा थर स्क्रूड्रायव्हरनं खरवडला आणि आत बुजलेलं एक बारीक तोंड दाखवलं. ब्रीदर. पेटी तापली की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला ते तोंड असतं. ते बुजलं की हवा दुसरी वाट शोधते, आणि सर्वांत मऊ वाट सीलच्या कडेखालून जाते. जाताना तेल बरोबर नेते. नवं सील घाला नाहीतर सोन्याचं घाला, श्वास कोंडला की ते उचकणारच.

यालाच जोडून एक उलटी गोष्ट आहे, ती पावसाळ्यातली आणि आमच्या भागातली. पश्चिमेकडं घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की ओढे रस्त्यावरून वाहतात. तासभर चढ चढून तापलेली पेटी एकदम गार पाण्यात शिरली की आतली हवा आक्रसते, आणि पेटी बाहेरचं ओढून घेते. हवा मिळाली तर हवा, नाहीतर पाणी. दोन दिवसांनी ड्रेन प्लग खोलला की काळसर सोनेरी तेलाऐवजी दुधाळ काही तरी बाहेर येतं. तेल बाहेर आल्याचा डाग दिसतो तरी. पाणी आत गेल्याचं काहीच दिसत नाही, बेअरिंग वाजेपर्यंत. माझ्या मते सीलच्या दोन कामांपैकी बाहेरचं आत न येऊ देण्याचं हे दुसरं काम मोठं आहे आणि त्याचं कुणी नाव घेत नाही.

गप्पांत भंडारदरा आला तो यावरून. अकोल्यात दोन माणसं गळतीबद्दल बोलू लागली की तिसरा धरण काढतोच. 1910 मध्ये काम सुरू होऊन 1926 मध्ये पुरी झालेली ही दगडी भिंत, उंची 82 मीटर, आतल्या जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचं नाव, धरणाला गव्हर्नर विल्सनचं. पाणी प्रवरेनं खाली जातं आणि ऊस खालच्या तालुक्यांत पिकतो, ही तक्रार त्या भिंतीइतकीच जुनी. तिला सील सापडलेलं नाही. 1969 मध्ये या भिंतीला तडे दिसले, झिरपणारं पाणी वाढलं. साठा कमी ठेवावा लागला आणि पुढच्या काही वर्षांत भिंतीच्या पाठीला टेकू बांधून तिला भक्कम करण्यात आलं. गॅरेजात चहाला आलेले एक निवृत्त गृहस्थ पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी सांगितलं ते असं, की कुठलंही धरण कोरडं नसतं. झिरप असतेच, ती वाट करून देऊन मोजायची असते. पाणी किती येतं यानं कुणी घाबरत नाही. कालच्यापेक्षा जास्त का आलं आणि गढूळ का आलं, याला घाबरायचं. मिस्त्री योकवर बारीक पॉलिश पेपर फिरवत ऐकत होते. "आमचं पण तेच हाये साहेब," ते म्हणाले. "ओल चालती. थेंब सुटला की बघायचं."

खड्डा पडलेल्या योकचं काय करायचं याला तीन उपाय होते. नवा योक घालायचा, पण या गाडीचा मिळणं कठीण. खड्ड्यावर पातळ पोलादी नळी चढवायची. अशा कागदासारख्या नळ्या याच कामासाठी मिळतात, पण मापाची सापडली पाहिजे. तिसरा उपाय फुकट होता आणि मिस्त्रींनी तोच घेतला: सील खोबणीत शेवटपर्यंत न ठोकता अर्धं सूत बाहेर ठेवायचं, म्हणजे नव्या सीलची कड खड्ड्यात न पडता शेजारच्या न झिजलेल्या पोलादावर फिरेल. अर्धं सूत म्हणजे दीड मिलिमीटर. योकला वर्षानुवर्षं एकाच रेघेवर चालवलं, आता शेजारच्या रेघेवर चालवू, एवढंच. पण हे ऐकायला सोपं, कारण सील खोबणीच्या तळाला टेकलं की हातोडीचा आवाज बदलतो, बोदा ठोका टणक होतो आणि माणसाला कळतं की झालं. अर्ध्या वाटेत थांबायचं तर आवाज मदतीला येत नाही. मिस्त्रींनी स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस भरलं, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडून पडत नाही. सीलवर सपाट लाकूड ठेवून बारा वाजता, सहा वाजता, तीन वाजता, नऊ वाजता असे हलके ठोके देत ते आत नेलं आणि प्रत्येक फेरीनंतर व्हर्नियरच्या शेपटीनं चारी बाजूंना खोली मोजली. एका बाजूला केसभर जास्त गेलं होतं. ते समोरच्या बाजूच्या दोन ठोक्यांनी जुळवलं. सील तिरकं बसलं तर प्रत्येक फेरीला कड मागं-पुढं घासते आणि सहा महिन्यांत संपते.

बाकी जोडणी लवकर झाली. तेलकट लायनर पेट्रोलनं धुऊन वापरू का, असं मी विचारलं नाही, कारण मिस्त्रींनी ते आधीच कोपऱ्यातल्या ढिगावर फेकले होते. तेलाच्या बाबतीत ते चोखंदळ आहेत. ज्या तेलात गंधकाची द्रव्यं जास्त ते डिफरन्शियलला चांगलं, पण गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना ते खाऊ शकतं, म्हणून जुन्या पेटीला सौम्य जातीचं, पण नव्वद नंबरचंच. भरणं मात्र मजेचं. या पेटीला तेलपातळी बघायची काडी नाही. बाजूच्या भोकातून तेल भरत राहायचं आणि त्याच भोकातून ते बाहेर ओघळू लागलं की थांबायचं. ओघळलं म्हणजे भरलं. पोऱ्यानं खाली डबा धरला होता तरी थोडं तेल त्याच्या कोपरापर्यंत गेलं आणि त्यानं ते चड्डीला पुसलं.

राजूरच्या रस्त्यानं चांगली फेरी मारून आलो. चढावर थांबून हँडब्रेक ओढला, पाय सोडला, गाडी जागची हलली नाही. गॅरेजात परत आल्यावर मिस्त्रींनी ड्रमच्या कडेला बोट लावून मला दाखवलं. बोटावर किंचित चमक होती. "हे राहणार?" मी विचारलं. "हे राहणारच. कड बसू द्या. महिनाभर खाली पुठ्ठा टाका आणि आठवड्याला बघा. आणि गाडी चालवा हो, नुसती धुऊन ठेवू नका."

काळ्या-पिवळीचा ड्रायव्हर तोवर क्लच प्लेटवरून घासाघीस करत होता. जुनी प्लेट भाजून तेल काढता येईल, त्याच्या ओळखीचा एक जण करतो. मिस्त्रींनी नवीच घातली, पैसे दोन हप्त्यांत कबूल करून घेतले आणि ब्रीदर मोकळा करून दाखवला. मग ढिगातून क्लचच्या जुन्या केबलची एक तार उपसली, बोटभर तोडली, तिचं एक टोक वाकवून नाकं केलं आणि त्याच्या हातात दिली. दर महिन्याला हे टोचायचं, बास. ड्रायव्हरनं तार किल्लीच्या जुडग्यात अडकवली, "आता ह्याचे किती?" म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बारीची शिटं भरायला स्टँडकडे निघून गेला.